सोजरीचं रान

ऐका. फार वर्षांपूर्वी, या माळावर बैलगाडीची चाकोरीसुद्धा उमटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कुसळवाडीच्या मागचा हा माळ आज बोरी-करवंदांनी गच्च भरलाय, पण तेव्हा तो पार बोडका होता. दरवर्षी शिमग्याच्या सुमाराला गावकरी त्याला काडी लावायचे. जळालं की पावसात गवत जोमानं फुटतं, असा त्यांचा समज. गवत फुटायचं, खोटं कशाला बोलू? पण झुडूप म्हणून एक उरायचं नाही, आणि झुडूप नाही तिथं तितर काय डोंबलं राहणार?

या मुलखाचे जहागीरदार नरसिंगराव सरकार. त्यांना तितराच्या शिकारीचा भारी नाद. बंदूक साफसूफ करून, घोड्यावर बसून माळावर यायचे आणि सरडे बघून परत जायचे. असं किती वर्षं चालणार?

अशात एकदा फासेपारध्यांची चार पालं शिवेवर येऊन पडली. त्यांत सोजरी होती. नवरा वारलेला, पदरात सावळी नावाची एक लेक. सावळीच्या आधी एक मूल झालं होतं. ते पोटातून बाहेर आलं त्याच दिवशी कुठल्याशा गावानं काठ्या घेऊन त्यांची पालं उठवली होती. ओली बाळंतीण चालत निघाली आणि मूल वाटेत गेलं. कुठं पुरलं ते दाखव म्हटलं तर सोजरीला दाखवता यायचं नाही. कारण ते गावच तिचं नव्हतं, तिथं तिला पुन्हा कोण जाऊ देणार? आपल्या लेकीच्या नशिबी हे येऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी धरली होती.

ती सरळ सरकारच्या वाड्यावर गेली. म्हणाली, "सरकार, तितर धरायचा कसा ते आमाला ठावं हाय. म्हंजी तो ऱ्हातो कशानं, ते बी ठावं हाय. माळ माज्या हवाली करा, म्या रान भरून देते. मला शिवेला एक खोप बांधायला जागा द्या. तिथनं आमाला कुनी उठवायचं न्हाई."

सरकार हसले. पण हौस मोठी वाईट. म्हणाले, "दिली. ज्या दिवशी माझ्या बंदुकीपुढं तितर उठतील, त्या दिवशी जागा तुझी. मात्र मी हाका घातला, माणसं लावून रान झोडपलं, आणि एक जरी पाखरू उठलं नाही, तर दिवस मावळायच्या आत पालं उचलायची. कबूल?"

सोजरी म्हणाली, "कबूल."

गावात आगडोंब उसळला. तुळाजी पाटील चावडीवर ओरडले, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! फासेवालीला पाखरांची राखण दिली सरकारनं." माळ बंद झाला, जाळायला बंदी आली, पाटलांची गुरं सोजरीनं दोनदा हाकलून लावली. दुसऱ्या वेळी तर गुरांना पाटलांच्या नावानं हाका मारत हाकलली, म्हणजे बघा. तेव्हापासून पाटील तिच्या वाऱ्याला उभे राहीनात आणि पाटील नाहीत म्हणून गाव नाही. विहिरीवर तिला पाणीसुद्धा कुणी भरू देईना.

पण बाई कामाला लागली. शेळ्या रात्री रवंथ करताना बोराच्या आठळ्या थुंकतात, त्या ती वाड्यावाड्यांतून झाडून न्यायची. पोरं तिला हसायची, शेळीची उष्टी वेचणारी म्हणायची. आठळ्या पेरल्या, वर काट्या अंथरल्या, मधे तरवड लावला, कडेला राळ्याचे आणि वरीचे पट्टे टाकले आणि ते कापलेच नाहीत. जाळी फार दाट झाली की खालून विरळ करायची, कारण तितर उडण्याआधी पळतो, त्याला बुडाशी बोळ लागतो. अंगावर धूळ घ्यायला मधे उघडी माती ठेवायची. असं म्हणतात, ती ज्या खड्ड्यापाशी बसून घाम पुसायची, तिथली बोर दुसऱ्या सकाळी वीतभर वर आलेली असायची. असंही म्हणतात की पहिली तितराची जोडी आली ती उडत आली नाही, तिच्यामागं चालत आली.

रान भरलं. पहाटेला साऱ्या माळावरून तितर बोलायला लागले. सोजरीनं सरकारला निरोप धाडला, दिवाळी झाली की या, पिल्लं मोठी होतील, नर उठतील, मनासारखी शिकार करा. सावळीचं मधल्या काळात लग्न झालं होतं, जावई सासूच्याच पालावर राहत होता आणि सावळीला दिवस गेले होते. सोजरीनं खोपीच्या मेढी तोडून आणून शिवेवर रचून ठेवल्या. नुसत्या रोवायच्या बाकी होत्या.

आणि मधेच आला धोंड्याचा महिना.

त्या वर्षी जेठ अधिक होता. सरकारांच्या नव्या जावयाला वाड्यावर बोलावलेलं. चांदीच्या ताटात अनारसे वाढले, तर जावईबापूंनी ताट बाजूला सारलं. अनारसे नकोत, म्हणाले, तितराची शिकार हवी. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला कोण समजावणार? धोंड्याच्या महिन्यात बंदूक कसली, असं भटजी म्हणाले, त्यांना दक्षिणा देऊन गप्प केलं. सरकारांचा हुकूम सुटला, उद्या सकाळी हाका. घरटी एक माणूस काठी घेऊन हजर पाहिजे.

सोजरीला निरोप पोचला तेव्हा ती लेकीची कंबर चोळत बसली होती. तिचं काळीज लटकन हललं. कारण नर आरोळ्या ऐकून बुडाच्या बोळांतून पळून गेले असते, पण जेठात सगळ्या माद्या अंड्यांवर बसलेल्या. तितराची मादी अंड्यावर बसली की पाय पडेपर्यंत हलत नाही. काठी बसली तरच उठते, आणि उठली की बार. मग अंडी थंड. एका सकाळीत सगळं रान रिकामं झालं असतं.

ती वाड्यावर धावली. म्हणाली, "सरकार, बसल्यात त्या. दिवाळीपत्तुर थांबा, पाया पडते."

सरकार म्हणाले, "अगं, तुलाच जागा हवी ना? उद्या तितर उठतील, उद्याच घे."

तिथंच तर पेच होता! पाखरं उठली तर सावळीला जागा मिळणार होती. नाही उठली तर लेक भरल्या दिवसांची वाटेवर पडणार होती. सोजरी परत आली ती रडत रडत आली. पालापाशी आली नाही. दिवस कलेपर्यंत एकटी माळावर फिरली, एकेका जाळीत वाकून बघत राहिली. प्रत्येक मादीनं तिच्याकडं बघितलं आणि एकही उठली नाही, असं म्हणतात. तिथंच तिचं ठरलं.

आता हे नीट ऐका. आपल्याकडं घरात बाळंतीण असली की दाराला कडुलिंबाचा डहाळा टांगतात. डहाळा दिसला की माणूस पायताणं वाजवत नाही, मोठ्यानं बोलत नाही. सोजरीनं हे गावोगावच्या दारांवर बघितलेलं. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला कुणी डहाळा बांधला नव्हता, पालाला दार कुठलं? ती भैरोबाच्या लिंबावर चढली, ओटीभर डहाळे तोडले, आणि ज्या ज्या जाळीत मादी बसली होती त्या प्रत्येक जाळीला एकेक बांधला.

वेडेपणाच होता तो. तितर कुठं आहे हे शोधायला शिकाऱ्याला दिवस लागला असता, तिनं खुणा करून ठेवल्या! आणि त्या खुणा वाचणार कोण? तिचं तोंड न बघणारं गाव. एकानं जरी बोट दाखवलं असतं तर सगळं संपलं असतं.

सकाळ झाली. माळाच्या खालच्या अंगाला गावकऱ्यांची रांग लागली. वरच्या अंगाला घोड्यांवर सरकार आणि जावईबापू, बंदुका भरलेल्या. रांगेच्या पुढं चालायचं काम सोजरीचं. तिला मागं वळून बघायची सोय नव्हती, सरकारांची नजर तिच्यावर होती. शिंग वाजलं आणि हाका सुरू झाला.

"होऽऽ होऽऽ" करत रांग पुढं सरकली. काठ्या झुडपांवर बसायला लागल्या, सपासप. पहिली डहाळ्याची जाळी तिच्या डाव्या हाताला होती. ती ओलांडून ती पुढं गेली आणि श्वास धरून ऐकायला लागली. मागं पावलं आली. जाळीपाशी थांबली. आरोळी मधेच तुटली.

आणि काठी दगडावर वाजली. ठक्क.

सोजरीला वाटलं, चुकून झालं असेल. पुढची जाळी आली. पुन्हा तेच, पावलं थांबली आणि काठी जमिनीवर आपटली. मग सगळ्या रांगेतून तो आवाज यायला लागला, कुठं दगडावर, कुठं वाळल्या ढेकळावर. आरोळ्या चालू होत्या, मोठमोठ्यानं चालू होत्या, पण डहाळ्याच्या जाळीपाशी आलं की माणूस गप्प व्हायचा, पाय उचलून बाजूनं टाकायचा आणि पुढं जाऊन दुप्पट ओरडायचा. ज्या बाईला त्यांनी वर्षानुवर्षं पाणी भरू दिलं नाही, तिच्या पाखरांना गाव सांभाळून नेत होतं. सोजरीच्या डोळ्यांना धार लागली, पण पुसायचीही चोरी.

माळ सरत आला. वरच्या टोकाला शेवटची मोठी बोर, तिलाही डहाळा. नेमका जावईबापूंचा घोडा तिथं येऊन उभा राहिला, मादीपासून हातभर लांब. रांगेतून त्या बोरीसमोर आले ते तुळाजी पाटील. पाटलांनी डहाळा बघितला. खाली वाकून मादी बघितली. काठी वर उचललेली होती, ती तशीच राहिली.

"काय हो पाटील, थांबलात का?" सरकारांनी विचारलं. "मारा की काठी."

जावईबापू म्हणाले, "आणि बोरीवर हा कडुलिंब कुठून उगवला?"

सगळी रांग जागच्या जागी थिजली. सोजरीनं डोळे मिटले. आता पाटील बोलणार. गुरं हाकलल्याचा सूड घ्यायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

पाटलांनी काठी खाली केली आणि म्हणाले, "सांगू नये वाटलं सरकार, पण गावात देवी आलीय. पोरांच्या अंगावर फोड उठलेत. म्हणून शिवेपर्यंत लिंबाचे डहाळे बांधलेत."

देवीची साथ! त्या काळी नुसतं नाव घेतलं तरी माणसाची पाचावर धारण बसायची. जावईबापूंनी असा काही घोडा वळवला की टोपी बोरीलाच राहिली. धडधडीत खोटं होतं ते. पाटलांनी पुढं मरेपर्यंत दर आषाढात त्याबद्दल देवीला नैवेद्य दाखवला म्हणतात.

पण सरकारांची तळपायाची आग मस्तकात गेली होती. जावयापुढं नाक कापलं गेलं. ते सोजरीवर गरजले, "रान भरलं म्हणालीस! एक पीस उडालं नाही. कुठायत तितर?"

पाटलांनी बोलायला तोंड उघडलं. सोजरीनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, नाही म्हणून. मग सरकारांना म्हणाली, "न्हाईत सरकार. रान रिकामं हाय."

"मग दिवस मावळायच्या आत चालती हो."

ती गेली. सावळीच्या नवऱ्यानं पालं गाढवावर बांधली, सोजरीनं लेकीला हाताला धरलं, रचलेल्या मेढी तिथंच टाकल्या आणि शीव ओलांडली. गाव बघत उभं राहिलं. सरकारांचे शिपाई उभे होते, हे खरं. पण नुसतं बघत राहिलं हेही खरं. गावानं त्या दिवशी पाखरं राखली, सोजरीला राखलं नाही. मला तर हे सांगताना आजही राग येतो.

ती शिवेपलीकडं दिसेनाशी झाली आणि भर दुपारी सगळा माळ बोलायला लागला. एकाच वेळी झाडून सगळे नर तितर. ती जाईपर्यंत थांबून आता परत निघालेल्या सरकारांनी घोडा थांबवला, "हे काय?" गावकऱ्यांचं धाबं दणाणलं. मग रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तोंडापुढं हात धरला आणि तितराची बोली काढली. दुसऱ्यानं काढली, तिसऱ्यानं काढली, पाटलांनी काढली. सगळं गाव तितरासारखं ओरडत उभं राहिलं. "पोरंथोरं अशीच नकला करतात, सरकार," पाटील म्हणाले. सरकार बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले आणि निघून गेले. कुणी म्हणतं, त्यांना कळलं होतं. कुणी म्हणतं, बंदुकीच्या बारांनी त्यांचे कान गेले होते.

घोडी दिसेनाशी होताच पाटील स्वतः सोजरीला परत आणायला धावले. ओढ्यापलीकडं पळसाखाली तीन दगडांची चूल सापडली, राख अजून ऊन होती. भोवतीच्या धुळीत तितरांची पावलंच पावलं. माणसाचं पाऊल एकही नव्हतं. पुढं पाटलांनी मुलूख पालथा घातला, पण सोजरी आणि सावळी कुणाला दिसल्या नाहीत, त्या आजतागायत.

पाटील परतले आणि त्यांनी तिच्या मेढी शिवेवर रोवल्या. गावानं वर गवत घातलं. तेव्हापासून कुसळवाडीत माळाला कुणी काडी लावत नाही. जेठ लागला की पोरीबाळी जाळ्यांना लिंबाचे डहाळे बांधतात आणि पहिला पाऊस जोर धरेपर्यंत तिकडं कुणी मोठ्यानं बोलत नाही. आणि दरसाल घरटी एक पेंढी घालून ती खोप नवी शाकारतात. आत पाण्याचा घडा भरलेला, सरपण रचलेलं. वाटेनं जाणाऱ्या कुठल्याही पालावरची बाई अवघडलेली असली तर तिला तिथं उतरवून घेतात आणि गावची सुईण न बोलावता जाते. त्या खोपीत जन्मलेल्या लेकराला पुढं कधी कुणी विचारलं, "तुझं गाव कोणतं?" तर त्यानं बेधडक "कुसळवाडी" सांगायचं, असं गावानंच ठरवून दिलंय.