दारातला काटा

डोंगराला अजून नाव पडलं नव्हतं, त्या काळची गोष्ट. मुंगूसरावांनी नवं बीळ करायचा ठेका कोल्ह्याला दिला आणि टोपलीभर रताळी आगाऊ दिली. कोल्ह्यानं खणायला साळिंदर लावलं. काम झकास झालं; पण साळिंदराच्या वाट्याची रताळीही खाऊन कोल्हा पसार झाला. साळिंदर भांडलं नाही. त्यानं आपला एक काटा दारात रोवला. खणणाऱ्याचं देणं बाकी आहे, हा त्याचा अर्थ रानात सगळे जाणत. मुंगूसराव मात्र हसले, "रोव बाबा, तेवढीच दाराला शोभा!"

पुढे बायकोचे दिवस भरत आले. तिला बाळंतपणाला माहेराजवळचं बीळ हवं होतं. तिथला ससा अदलाबदलीला राजी झाला, बघायला आला आणि दारातूनच फिरला.

"अहो, आत तर या!"

"नको राव, हे देणं माझ्या गळ्यात पडेल."

मुंगूसरावांनी काटा उपटून फेकला आणि सशाला पुन्हा बोलावलं. ससा खाली वाकून म्हणाला, "काटा गेला, भोक आहे की!"

मुंगूसराव तणतणत साळिंदराकडे गेले. "मी कोल्ह्याला सगळं चुकतं केलंय!"

"केलं असेल, मालक. पण मी कोल्ह्याचं घर नाही खणलं."

घरी बायको कण्हत होती. मुंगूसरावांनी पुन्हा रताळी दिली, तेव्हा साळिंदरानं स्वतः येऊन भोक बुजवलं.

पुढच्या बिळाच्या वेळी नवा ठेकेदार आगाऊ रताळी मागू लागला. मुंगूसराव म्हणाले, "देतो की. आधी खणणाऱ्याला बोलाव, त्याच्या देखत देतो."