आरोळीआधी आलेलं उत्तर

"म्हणजे मी झगा परत देऊ का, पाळकबाबा?"

शांतवनने उपासनेचा पांढरा झगा घडी घालून आणला होता. पाळकबाबा अंगणात बाजेवर बसून चहात पाव बुडवत होते. उपवासकाळात सोडलेला चहा आज पहिल्यांदाच मिळत होता, त्यामुळे त्यांनी झग्याकडे पाहिलंच नाही.

"आधी बस. पाव घे."

शांतवन बसला नाही. पावाला तर हातही लावला नाही.

शांतवन हुशार, यात वाद नाही. धर्मशिक्षणात पहिला नंबर काढून आला आणि पाळकबाबा थकले म्हणून त्यांच्याच मंडळीत त्यांच्या हाताखाली उपपाळक झाला. पुनरुत्थान हा त्याचा हातखंडा विषय. कुणी शंका काढली की पुरावे हजर. फक्त शंका काढणारा तोवर हजर राहत नसे.

त्या गावची रीत अशी, की पुनरुत्थानाच्या रविवारी झुंजुमुंजू होताच सगळी मंडळी दफनभूमीत जमते. आदल्या दिवशीच कबरींना चुना लावलेला असतो. तांबडं फुटलं की पाळक आरोळी देतो, "प्रभू उठला आहे!" मंडळी उत्तर देते, "खरोखर उठला आहे!" मग ढोलकी आणि भजनं.

यंदा पाळकबाबांचे गुडघे धरले होते, म्हणून ते घरीच राहिले. आरोळीचा मान शांतवनला मिळाला. तो उभा राहिला. समोर त्याच्या आईची कबर होती. तिला चुना नव्हता, कारण माती अजून बसली नव्हती. त्यानं तोंड उघडलं...

आवाजच फुटला नाही.

"सगळे बघत होते, बाबा. ज्याला एवढं एक वाक्य म्हणता येत नाही, त्यानं पाळक कशाला व्हायचं? माझा विश्वासच खोटा. नुसती पोपटपंची."

"मग उपासना झालीच नाही?"

"झाली."

"ती कशी?"

शांतवन खाली बघू लागला.

"मागून कुणीतरी उत्तर दिलं. मी काही म्हणायच्या आधीच. 'खरोखर उठला आहे!' मग सगळेच म्हणाले."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

शांतवन झग्याची घडी पुन्हा नीट करू लागला.

"कोण रे?"

"एस्तेरताई."

पाळकबाबांनी कप खाली ठेवला.

एस्तेर ही शांतवनची थोरली बहीण. आईला माती देताना तिनं हंबरडा फोडला, तेव्हा ह्याच पठ्ठ्यानं तिला चारचौघांत दटावलं होतं, "ताई, पुनरुत्थानावर विश्वास असलेली माणसं अशी रडत नाहीत." स्वतः टिपूस गाळला नव्हता. त्या दिवसापासून ताईनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ते त्याला आतून खात होतं.

"कशी म्हणाली ती?"

"रडत... हुंदके देत म्हणाली, बाबा."

"हं."

पाळकबाबांनी कप उचलून उरलेला चहा संपवला.

"शास्त्र तुला तोंडपाठ. सांग बरं, त्या पहाटे प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी त्याचा शिष्य पेत्र आला, त्याच्याबरोबर दुसरा शिष्य आला. त्यांनी काय केलं?"

"आत शिरून पाहिलं. तागाची वस्त्रं पाहिली. आणि..."

"आणि?"

"घरी परत गेले."

"तिथं त्यांना प्रभू दिसला?"

"नाही."

"मग आधी दिसला कुणाला?"

"मग्दालीया मरीयेला."

"ती काय करत होती?"

हजारदा वाचलेला अध्याय. उत्तर ओठांवर होतं.

"ती कबरीपाशी... उभी राहून..."

पुढचा शब्द काही त्याला म्हणता येईना. तो त्यानं करूनच दाखवला. मटकन बाजेवर बसला आणि आईच्या नावानं ओक्साबोक्शी रडला. पाळकबाबांनी पाठ थोपटली नाही, की उगी म्हटलं नाही. त्यानं झग्यालाच नाक पुसलं, तेव्हा मात्र त्यांनी हसू लपवायला तोंड फिरवलं.

रडून झालं. छातीवरचा धोंडा कुणीतरी लोटून बाजूला सारावा, तसं शांतवनला हलकं वाटलं. मग पोटात कावळे ओरडत असल्याचंही लक्षात आलं, आणि त्यानं बाबांच्या ताटलीतले उरलेले पाव संपवले.

"पण आता चर्चमधल्या उपासनेचं काय, बाबा? तिथंही आरोळी द्यायची आहे. पुन्हा आवाज अडकला तर?"

"आरोळी एस्तेरला देऊ दे," पाळकबाबा म्हणाले. "तू उत्तर दे."