शास्त्रीबुवांची राजनीळ

सावरगडच्या दरबारी धुंडिराजशास्त्र्यांनी निळीच्या झुडपांचं वर्गीकरण आरंभलं आणि बिचाऱ्या झुडपांच्या नशिबी पंक्तिभेद आला. सावलीतली रुंद पानांची ठरली 'राजनीळ', उन्हातली बारीक पानांची 'रानटी'. रानटी मुळासकट उपटायची, असा हुकूम निघाला. शास्त्रीबुवांना शालही जाहीर झाली.

उन्हातली झुडपं दरबारच्या वैद्य रंभाबाईंनी लावलेली. त्या तडक दरबारात आल्या. "अहो, एकाच शेंगेतलं बी आहे हे! ऊन-सावलीनं पानं बदलली, एवढंच."

"रूप वेगळं ती जात वेगळी," शास्त्रीबुवा मिशांना पीळ देत म्हणाले. "माझ्या नियमाला अपवाद नाही!"

रंभाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "मग महाराज, इथे दोन शास्त्री बसलेत. मिशा काळ्याभोर, शेंडी पांढरीशुभ्र. शाल कुणाला द्यायची आणि उपटायचं कुणाला?"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवा गडबडले. "मी एकच आहे, महाराज! मिशा काळ्या दिसाव्यात म्हणून मेंदीवर नीळ लावतो."

"कुठली? राजनीळ की रानटी?"

शास्त्रीबुवांची मान खाली गेली. "दोन्हींचा पाला एकत्रच वाटतो. रंग सारखाच चढतो."