ज्याला नको, त्याच्या हाती काठी

फार फार मागे, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. साऱ्या गावाला पाणी एकाच झऱ्याचं. उन्हाळा आला की झरा बारीक व्हायचा आणि भांडणं मोठी व्हायची. म्हणून गावानं एक रीत पाडली होती. उन्हाळाभर एकाच्या हाती काठी द्यायची. त्यानं रांग लावायची, पाणी वाटायचं. आणि जो नको म्हणेल, त्यालाच ती द्यायची. ज्याला हाव नाही, तो अन्याय कसा करील?

त्या वर्षी काठी कुंभाराकडे आली. बिचारा इतका भिडस्त, की कुणी धक्का दिला तरी हाच बाजूला व्हायचा.

"मला नको हो. मला नाही जमायचं," तो हात जोडून म्हणाला.

"बघा, हाच खरा माणूस!" गावातले म्हातारे खूश झाले.

सुरुवातीला काठी झाडाला टेकून असायची. एके दिवशी दोन बायका कडाकडा भांडू लागल्या. कुंभारानं नुसती काठी उचलली. सारी रांग चिडीचूप! कुंभार थक्क झाला. जन्मात त्याच्यामुळे कुणी गप्प बसलं नव्हतं. त्याच्या अंगावर गोड शहारा आला.

दुसऱ्या दिवशी भांडण नव्हतं. तरी त्यानं काठी उचलून पाहिली.

मग ती खाली गेलीच नाही. त्याला बसायला दगड आला, दगडावर घोंगडी आली.

"काय रे, मडकी सोडून आता माणसं घडवतोस वाटतं?" शेजारी हसून म्हणाला. त्या दिवशी शेजाऱ्याला सर्वांत शेवटी पाणी मिळालं.

एका दुपारी त्याची थोरली बहीण धावत आली. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"अरे, वासरू उन्हानं पडलंय. आधी मला भरू दे, बाळा."

"रांगेत उभी राहा."

"बरं बरं, राजेसाहेब!" असं म्हणत तिनं मडकं झऱ्याला लावलं.

रांगेत कुणीतरी हसलं. काठी खाली आली. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. ते त्यानंच घडवलेलं मडकं होतं.

पुन्हा सारी रांग चिडीचूप. आणि कुंभाराच्या अंगावर पुन्हा तोच गोड शहारा.

तेव्हा मात्र तो हादरला. बहिणीच्या पायाशी ठिकऱ्या, आणि आपल्याला गोड वाटतं?

रांगेतल्या कुणाच्या तरी घागरीत पाणी घेऊन दोघं घरी धावली. वासरू केव्हाच गेलं होतं.

कुंभारानं काठी भट्टीत घातली. म्हातारे म्हणाले, "आता हाव नसलेला दुसरा कुणी शोधायला हवा."

"शोधू नका," कुंभार म्हणाला. "नको तर मीही म्हणालो होतो. आणि अगदी मनापासून म्हणालो होतो."

तेव्हापासून झऱ्यावर रोज नवा माणूस उभा राहू लागला. हाती काठी नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच रांगेत शेवटी.

बहिणीनं त्याला माफ केलं. पण नवं मडकं द्यायला त्यानं हात उचलला, तेव्हा ती नकळत एक पाऊल मागे सरली.

तात्पर्य : सत्तेची भूक प्रत्येकाच्या पोटात असते, म्हणून सत्ता भल्या माणसाच्या हातीही फार दिवस ठेवू नये.