कचऱ्याच्या डोंगरातली आग

एका तालुक्याच्या गावाबाहेर कचऱ्याचा एक डोंगर होता. आत कचरा कुजला की त्यातून गॅस सुटे. डोंगरात पाईप पुरून तो गॅस ओढायचा आणि त्यावर इंजिन चालवून वीज करायची, असा छोटा वीजप्रकल्प गावाने उभारला होता. त्याचे प्रमुख होते दिगंबर खरात. रस्त्यावरचे दिवे लागले की लोक त्यांचं नाव काढत, आणि ते खरातांना फार आवडे.

जत्रा जवळ आली. नगराध्यक्ष म्हणाले, "खरातसाहेब, यंदा टेकडीवरच्या देवळापर्यंत रोषणाई पाहिजे. जमेल ना?"

गॅस प्रमाणाबाहेर ओढला तर बाहेरची हवा डोंगरात शिरते आणि आतला कचरा पेटू शकतो, हे खरातांना पक्कं ठाऊक होतं. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. "जमवतो," ते म्हणाले.

जत्रेत देऊळ झगमगलं. खरातांना फेटा बांधला, नारळ दिला.

जत्रा उठली आणि डोंगरातून धूर येऊ लागला. घरोघरी लोक खोकू लागले. डोंगराच्या पायथ्याशी भंगार वेचणारी झैतुनबी राहायची. तिची चूल उघड्यावर पेटे. "हिच्याच चुलीची ठिणगी उडाली," कुणीतरी म्हणालं, आणि तेवढं पुरलं. तिची झोपडी उठवायला सभा भरली.

"दादा, जत्रेच्या दिवसांत मी चूल पेटवलीच नाही. जत्रेतच जेवत होते," झैतुनबी म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

खरात पुढच्याच रांगेत होते. ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण ते उठले.

"आग हिच्या चुलीने लागली नाही. मी गॅस जास्त ओढला. धोका माहीत असून ओढला."

"मग तेव्हाच 'जमणार नाही' असं का नाही म्हणालात?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही कौतुक करणार होता म्हणून."

इंजिन बंद झालं. डोंगरावर मातीचे थर टाकून आग विझवण्यात महिने गेले. तोवर रस्ते अंधारात राहिले आणि लोक खरातांना नमस्कार करीनासे झाले. झैतुनबीची झोपडी मात्र जागची हलली नाही.

तात्पर्य: कौतुकाच्या मोहात केलेली चूक दुसऱ्याच्या माथी जात असेल, तर कौतुक गमावूनही ती आपली म्हणून सांगावी.