सेकंड फिडल कोणाची?

व्हिएन्नाला व्हायोलिन शिकून मिरजेला परतलेल्या निहारिकेला वाटलं होतं, गावातले नावाजलेले गवई दिगंबरबुवा आपलं वादन ऐकतील, मैफलीत वाजवायला बसवतील. बुवांनी तिच्या हाती तंबोरा दिला आणि "मागं बस" म्हणाले. रागाने तिने परतीचं तिकीटही बघून ठेवलं. तरी मैफलीच्या संध्याकाळी ती तंबोरा जुळवून बसली.

तेवढ्यात मैफल भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब आले. "इंग्रजीत हिला सेकंड फिडल म्हणतात. म्हणजे दुय्यम. बसवा पडद्याआड, इथे माझे पाहुणे बसतील."

फिडल म्हणजे व्हायोलिनच, आणि व्हिएन्नात दुसरं व्हायोलिन पहिल्याला उचलून धरायचं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती तंबोरा उचलून पडद्याआड जाऊन बसली.

तात्यासाहेब भाषणाला उभे राहिले. सभागृहात गप्पांना ऊत आला होता, त्यांचं कोणी ऐकेना. तेव्हा पडद्याआडून तंबोरा झंकारला आणि सूर धुक्यासारखा पसरत गेला. गाणं सुरू होतंय असं वाटून माणसं शांत झाली, काहींचे डोळे मिटले. तात्यासाहेब खुशीत बोलू लागले, तोच तंबोरा थांबला. पुन्हा गलका.

ते पडद्याशी वाकले. "वाजव की गं पोरी, थांबलीस का?"

"वाजवते, तात्यासाहेब. पण मी सेकंड फिडल नक्की कोणाची? बुवांची, की तुमची?"

त्यांच्या हातातला माईक चालूच होता. सभागृह हशाने दणाणलं, आणि पाहुण्यांनी आपणहून तिची जागा रिकामी केली.

रात्रभर तिच्या झोपेत तोच सूर वाहत राहिला. सकाळी तिने परत जायचा बेत सोडला आणि बुवांच्या दारी जाऊन तंबोरा मागितला.