हत्तीमागचं कासव

फार मागे, करवंदीच्या रानात एक रीत होती. निवडणूक हरलेल्यांनी रुसून बसायचं नाही. जिंकलेल्यांच्या प्रत्येक मंत्र्यामागे त्यांनी आपला एक जाणकार नेमायचा. त्याला सावलीमंत्री म्हणत. त्याने मंत्र्याचं काम तपासायचं आणि आपण ते कसं केलं असतं, हेही सांगायचं.

हत्ती पाणीमंत्री झाला, तेव्हा हरलेल्यांची पुढारी साळिंदरबाई हिने त्याच्यामागे कासवाला लावलं.

"हत्तीराव, तळ्याचा बांध आतून पोखरलाय," कासव रोज म्हणे.

"तुला मेल्या चांगलं काही दिसतच नाही. वरून धड तर आहे."

"तुम्ही वरून बघता, मी तळाशी राहतो. दगड किती लागतील, तेही मोजून ठेवलंय."

आठव्या दिवशी हत्तीने वैतागून बांधात सोंड घातली, ती थेट पलीकडे निघाली. मग कासव दाखवेल तिथे त्याने निमूटपणे दगड रचले. तळं वाचलं. आभार काही त्याने मानले नाहीत, पण त्या दिवसापासून तो जरा हळू चालू लागला.

पुढच्या निवडणुकीत कासवाचा पक्ष जिंकला. पाणीमंत्री कासव पहिल्या सकाळी बांधावर आलं, पण काम सुरू करीना. सारखं मागे वळून बघत राहिलं. तेवढ्यात त्याच्या अंगावर भली मोठी सावली पडली. कासवाचा जीव भांड्यात पडला.

"मंत्रीसाहेब," हत्ती म्हणाला, "बांधाचा माथा खचलाय. तो तुम्हाला खालून दिसायचा नाही."